उलटून शिवायचा मध्ययुगीन जोडा: चामडे निवडण्यापासून जोडा वाळेपर्यंतचा क्रम

नाशकात युरोपीय पार्श्वभूमीच्या नाटकांची वेशभूषा करणारी मंडळी आणि हौसेने चामड्याचे काम शिकणारे तरुण टर्नशू करून पाहतात. टर्नशू म्हणजे आतली बाजू बाहेर ठेवून शिवायचा आणि ओला असतानाच उलटवायचा जोडा. त्यांतले बरेच जोडे उलटवताना टाचेजवळ फाटतात, नाहीतर उलटून झाल्यावर त्यांत पाय शिरत नाही. दोष उलटवण्याला दिला जातो, पण दुरुस्तीसाठी आलेला जोडा उसवून पाहिला की चूक आधीच्याच एखाद्या टप्प्यात सापडते: चामडे घेताना, कापताना किंवा भिजवताना. म्हणून या लेखात शिवणीपेक्षा तयारीला अधिक जागा दिली आहे आणि टप्प्यांचा क्रम बदलू नये, असा माझा आग्रह आहे.

बाराव्या-तेराव्या शतकांतले जे जोडे लंडनच्या उत्खननांत मिळाले, त्यांच्या धर्तीचा घोट्यापर्यंत येणारा आणि चामड्याच्या नाडीने आवळायचा जोडा येथे गृहीत धरला आहे. त्याचा वरचा भाग एकाच तुकड्याचा असून पायाला वळसा घालून आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या अंगाला, जोडलेला असतो. तळ एकेरी असतो आणि टाच उंच नसते.

पुढे चामड्याच्या दोन बाजूंचा उल्लेख वारंवार येईल. केस असलेली मूळची बाहेरची गुळगुळीत बाजू म्हणजे दाण्याची बाजू आणि आतली खरखरीत बाजू म्हणजे मासाची बाजू.

## १. चामडे घेणे

सगळ्यात जास्त जोडे येथेच बिघडतात. टर्नशूसाठी साल-हिरड्यात कमावलेलेच चामडे लागते. बाजारात बॅगा आणि पाकिटांसाठी मिळणारे मऊ, रंगीत चामडे बहुधा क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले असते. ती पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे, त्यामुळे तेराव्या शतकाच्या प्रतिकृतीत ते चामडे शोभत नाही. त्याहून मोठी अडचण कामाची आहे: क्रोमचे चामडे पाणी नीट पीत नाही, फर्म्यावर (पायाच्या आकाराच्या लाकडी साच्यावर) ओढून वाळवले तरी आकार धरत नाही, आणि त्याच्या कडेतून काढलेला टाका रबरासारखा ताणला जातो.

नाशिकच्या दुकानांत सालीत कमावलेले चांगले चामडे नेहमी मिळेल याची खात्री नसते, म्हणून बहुतेकांना मुंबईत धारावीच्या चामडे बाजारात जावे लागते. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी परतता येते. फोनवरून मागवू नका. जाडी आणि कमावणी हातात घेऊनच कळतात, आणि ‘व्हेज आहे’, म्हणजे साल-हिरड्यात कमावलेले आहे, एवढे विक्रेत्याचे म्हणणे पुरेसे नसते.

तळासाठी ३ ते ४ मिलिमीटर जाडीचे, पाठीच्या भागातले, घट्ट तंतूंचे चामडे घ्या. वरच्या भागासाठी १.५ ते २ मिलिमीटर जाडी योग्य. मूळ जोड्यांत गाय, वासरू आणि शेळीची चामडी आढळतात. महाराष्ट्रात २०१५च्या कायद्यानंतर गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी असल्यामुळे आपल्याला तळासाठी म्हशीचे आणि वरच्या भागासाठी शेळीचे किंवा म्हशीच्या पारड्याचे चामडे घेणे सोयीचे पडते. शेळीचे चामडे मुळालाही धरून आहे. म्हशीचा दाणा मात्र जाड आणि उठावदार दिसतो, म्हणून जोडा प्रदर्शनात ठेवायचा असेल तर हा बदल सोबतच्या पाटीवर लिहावा.

तपासणी: कापलेल्या कडेकडे पाहा. आतून निळसर-करडी झाक दिसली तर ते क्रोम समजा. मासाच्या बाजूवर पाण्याचा थेंब टाका. सालीत कमावलेले चामडे तो लवकर शोषते आणि तेवढा भाग गडद होतो. तरीही शंका उरली तर बोटभर पट्टी उकळत्या पाण्यात टाका. सालीची पट्टी आक्रसून वळते आणि कडक होते, क्रोमची पट्टी जवळजवळ तशीच राहते.

इशारा: चामडे जाळून ओळखण्याचा सल्ला काही जण देतात. तसे करू नका. क्रोमच्या चामड्याची राख आणि धूर आरोग्याला घातक असतात.

## २. दोरा, मेण आणि हत्यारे

मूळ जोडे बहुतांशी लिननच्या, म्हणजे जवसाच्या खोडापासून काढलेल्या, दोऱ्याने शिवले जात. पाणथळ जमिनीत चामडे टिकले आणि दोरा कुजून गेला, त्यामुळे अभ्यासकांना पुष्कळ वेळा टाक्यांची फक्त भोकेच मिळतात. टाक्याचे अंतर, खोली आणि दिशा ही माहिती त्या भोकांतूनच येते. म्हणून संग्रहालयातल्या जोड्याची छायाचित्रे पाहताना कडेच्या भोकांवर लक्ष द्यावे.

बारीक लिननचे पाच-सहा पदर हलक्या पिळाने एकत्र करा आणि त्यांवर मेण चढवा. नुसते मधमाश्यांचे मेण घसरते, नुसती राळ ठिसूळ असते. दोन्ही मंद आचेवर वितळवून एकत्र केली की दोरा भोकात घट्ट बसतो. राळ पेट घेते, म्हणून भांडे थेट ज्वाळेवर न ठेवता गरम पाण्यात ठेवा. डिसेंबर-जानेवारीच्या नाशिकच्या थंडीत हे मिश्रण दोऱ्यावरून तुकड्या-तुकड्याने गळू लागते. तेव्हा त्यात तेलाचे दोन-चार थेंब घाला. एप्रिल-मेमध्ये ते हाताला चिकटते, तेव्हा राळ थोडी वाढवा. नायलॉनचा दोरा वापरू नका. तो ओल्या चामड्याला सुरीसारखा कापतो, आणि उलटवताना टाचेजवळ फाटण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे.

हत्यारांत धार लावलेली रापी (चामडे कापायची सुरी), एक सरळ आणि एक वाकडी आरी, दोन बोथट सुया, हलका हातोडा, पितळी चुका (बारीक खिळे) आणि टोक गोल केलेली गुळगुळीत लाकडी दांडी एवढे पुरते. भोक आरीने पाडायचे असते, सुईने फक्त दोरा न्यायचा. वाकड्या आरीला पर्याय नाही. ती नसेल तर काम सुरूच करू नये.

## ३. फर्मा आणि पायाचे माप

माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभराच्या वावराने पाय थोडा फुगतो. जोड्याखाली लोकरीचा मोजा घालायचा असेल तर तो घालूनच मापा. पायाची लांबी, बोटांच्या मुळाशी घेर, पावलाच्या कमानीवरचा घेर आणि टाच ते घोटा यांभोवतीचा तिरका घेर अशी चार मापे हवीत.

लाकडी फर्मा कोरून घेता येतो किंवा जुना, कमी टाचेचा फर्मा मिळवून त्यावर चामड्याचे तुकडे चिकटवून आकार भरता येतो. आजच्या फॉर्मल बुटाचा फर्मा घेऊ नये, कारण टाच उंच करण्यासाठी त्याची कमान उचललेली असते आणि जोडा सपाट बसत नाही.

फर्मा पायापेक्षा १० ते १२ मिलिमीटर लांब असावा. शिवताना बाहेर दिसणारी शिवण उलटल्यावर आत जाते आणि तळाच्या कडेने सगळीकडून जागा खाते. हे न धरता पायाच्या नेमक्या मापाचा फर्मा घेतला, तर जोडा दिसायला बरोबर होतो आणि पायात मात्र जात नाही.

दुसरी गोष्ट डाव्या-उजव्याची. डाव्या हाताचा मोजा उलटा केला की तो उजव्या हातात बसतो. टर्नशूचेही तसेच आहे: डाव्या फर्म्यावर शिवलेला जोडा उलटल्यावर उजव्या पायाचा होतो. दोन्ही पाय सारखे असतील आणि दोन्ही फर्मे असतील तर शेवटी जोडी जमतेच. पण अनेकांचा एक पाय थोडा मोठा असतो. अशा वेळी मोठ्या डाव्या पायाचे माप उजव्या फर्म्यावर चढवावे लागते. फर्म्यांवर ‘डावा’, ‘उजवा’ असे न लिहिता ‘याच्यावरून उजव्या पायाचा’ असे पूर्ण लिहून ठेवा.

## ४. कागदी नमुना आणि कापडी चाचणी

फर्म्यावर मास्किंग टेप गुंडाळा, त्यावर वरच्या काठाची रेघ, तळाची कड आणि आतल्या बाजूची जोडरेघ पेन्सिलीने काढा, मग त्या रेघांवर कापून टेप सपाट करा. सपाट करताना जिथे सुरकुती पडते किंवा टेप फाटते, तिथे चामड्याला ताणावे वा गोळा करावे लागणार आहे. त्या जागा कागदावर खुणेने दाखवा.

तळाच्या शिवणीसाठी वरच्या भागाला ५ ते ६ मिलिमीटर जास्तीची जागा सोडा. आतल्या बाजूच्या जोडाला जास्तीची जागा सोडायची नाही, कारण तेथे दोन कडा समोरासमोर टेकवून शिवायच्या असतात. बहुतेक जण सवयीने दोन्हीकडे जागा सोडतात आणि जोडा ढगळ होतो.

आता जाड फेल्ट किंवा नमद्याचा एक जोडा कच्च्या दोऱ्याने शिवून उलटवून पाहा. हा टप्पा गाळायचा मोह सगळ्यांना होतो. चामड्याच्या एका तुकड्याची किंमत आणि फेल्टची किंमत शेजारी शेजारी मांडली तर तो आवरता येईल.

तपासणी: तळाची पूर्ण कड दोऱ्याने मोजा आणि वरच्या भागाची खालची कडही मोजा. वरची कड थोडी जास्त भरली पाहिजे, आणि तो जास्तीचा भाग फक्त बोटांच्या टोकाशी आणि टाचेशी वाटला गेला पाहिजे. बाजूंना सुरकुती पडत असेल तर नमुना चुकला आहे.

## ५. कापणे

तळाची लांबी जनावराच्या पाठीच्या कण्याला समांतर ठेवा. वरच्या भागासाठी पोटाकडचे सैल चामडे टाळा. तुकडा हातांनी दोन्ही दिशांना ओढून पाहा आणि जिकडे कमी ताणला जातो ती दिशा पायाच्या लांबीकडे ठेवा. दोन्ही पायांचे तुकडे एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असले पाहिजेत, म्हणून एकदा कागद उलटून मग कापा. रापी एका दमात, न थांबता ओढा, कारण करवतल्यासारख्या कडेतून टाका सरळ जात नाही.

टाचेचा आधार म्हणून आतून लावायचा त्रिकोणी तुकडा, नाडीच्या पट्ट्या आणि तळ व वरच्या भागाच्या मध्ये बसणारी ८ ते १० मिलिमीटर रुंद पट्टी त्याच वेळी कापा. ही मधली पट्टी शिवणीला पाण्यापासून आडोसा देते. काही जण तिचाच वेल्ट, म्हणजे तळ जोडायची बाहेरची पट्टी, करून तिला नंतर बाहेरून दुसरा तळ शिवतात. तेराव्या शतकाच्या जोड्यात ते चालत नाही, कारण वेल्टवर दुहेरी तळ बसवण्याची पद्धत पंधराव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागली.

## ६. भिजवणे

तळाचे चामडे पाण्यात बुडवले की त्यातून बुडबुडे येतात. ते थांबेपर्यंत, साधारण १५ ते २० मिनिटे, ठेवा. मग काढून ओल्या फडक्यात गुंडाळा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर राहू द्या. वरचा भाग फक्त बुडवून काढा आणि तसाच गुंडाळा. सकाळी पृष्ठभागाचा रंग जवळजवळ मूळचा दिसला, हाताला गार लागला आणि वाकवल्यावर कड उलगडली नाही, म्हणजे चामडे कामाला आले. दाबल्यावर पाणी सुटत असेल तर अजून थांबा. चिंब चामड्यात पाडलेले भोक बंद होते आणि ओढलेला टाका ते चिरत जातो.

पाण्याचीही निवड करावी लागते. सालीत कमावलेल्या चामड्यातले टॅनिन आणि लोह यांचा संयोग झाला की काळे-निळे डाग पडतात. शहराच्या कडेच्या वस्त्यांत बोअरवेलचे पाणी वापरात असते आणि त्यात लोह असेल तर सगळा तळ ढगाळ काळा होतो. नळाचे किंवा गाळून ठेवलेले पावसाचे पाणी वापरा. लोखंडी घमेले नको. प्लॅस्टिकचे टब किंवा भांडी बाजारातून आणलेले पितळी घंगाळ चालेल. फर्म्यावर ठोकायच्या चुका पितळी घ्यायला सांगितले, त्याचेही कारण हेच. रापी आणि आरी दर काही मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसा. डाग पडलाच तर ताजा असताना लिंबाचा रस लावून लगेच धुवा, तो फिका होतो.

## ७. वरचा भाग शिवणे

टाचेचा त्रिकोण मासाच्या बाजूला ठेवून कडेने तिरके टाके घाला. सुई चामड्याच्या अर्ध्या जाडीतून जाऊन परत यावी. दाण्याच्या बाजूला टाका दिसला तर उलटल्यावर तो जोड्याच्या दर्शनी भागावर येईल.

आतल्या बाजूच्या जोडाला आरी मासाच्या बाजूकडून, कडेपासून २ ते ३ मिलिमीटर आत घालून कडेच्या मध्यातून काढायची, समोरच्या तुकड्यातही उलट दिशेने तसेच. टाक्यांत ३ मिलिमीटर अंतर ठेवा. शिवण झाल्यावर दाण्याच्या बाजूने फक्त दोन कडा भिडलेल्या दिसाव्यात, दोरा दिसू नये.

## ८. फर्म्यावर चढवून तळ जोडणे

तळ फर्म्याला लावताना दाण्याची बाजू लाकडाकडे, मासाची बाजू तुमच्याकडे. ही एक ओळ भिंतीवर लिहून ठेवावी इतकी महत्त्वाची आहे, कारण सवयीने हात दाण्याची बाजू बाहेर ठेवतो. दोन-तीन पितळी चुकांनी तळ बसवा. वरचा भागही मासाची बाजू बाहेर ठेवून चढवा. आधी टोक, मग टाच, मग बोटांच्या मुळाशी दोन्ही बाजू अशा क्रमाने ओढून चुका मारा. बाजू आधी ओढल्या तर टोकाशी चामडे गोळा होते आणि ते नंतर कशानेही बसत नाही.

मधली पट्टी तळ आणि वरचा भाग यांच्या मध्ये, तिची मोकळी कड फर्म्याच्या बाजूला ठेवून सरकवा. पट्टीच्या दोन टोकांना रापीने तिरका उतार द्या आणि ती कमानीच्या आतल्या बाजूला एकमेकांवर चढवा.

तळात आरी मासाच्या बाजूने, कडेपासून ४-५ मिलिमीटरवर घाला आणि जाडीच्या मध्यातून कडेला बाहेर काढा. ती पुढे मधल्या पट्टीतून आणि वरच्या भागातून आरपार जाईल. अंतर ५ ते ७ मिलिमीटर. सुरुवात कमानीच्या आतल्या बाजूने करा, कारण तेथे ताण सर्वांत कमी असतो आणि सुरुवात-शेवट एकमेकांवर नेता येतात. दोन सुयांनी, दोन्ही टोके एकाच भोकातून विरुद्ध दिशांनी न्या आणि प्रत्येक टाका दोन्ही हात बाहेर फेकून पूर्ण ताकदीने ओढा. टोकाशी वळणावर तळातले अंतर कमी आणि वरच्या भागातले थोडे जास्त घेतले की गोळा झालेले चामडे टाक्याटाक्यांत वाटले जाते. गाठ मारू नका. शेवटी तीन टाके मागे न्या, दोरा कापा आणि हातोडीने हलके ठोका.

तपासणी: दाण्याच्या बाजूने तळाच्या पृष्ठभागावर एकही भोक उमटता कामा नये. उमटले असेल तर तेवढे टाके आत्ताच उसवा. ती जागा जमिनीवर घासून दोरा तुटेल आणि शिवण तेथूनच सुटत जाईल.

## ९. उलटवणे

चुका काढा, फर्मा हळू बाहेर काढा आणि शिवणीबाहेर आलेली जास्तीची कड ३ मिलिमीटरपर्यंत छाटा. ती न छाटल्यास आत टोचणारी वळी तयार होते.

शिवता शिवता जोडा वाळलेला असतो. नाशिकच्या उन्हाळ्यात तर एका बैठकीतच तळाची कड कडक होते. म्हणून कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे पुन्हा बुडवा. हाताला सहज सोसेल एवढेच कोमट हवे. गरम पाण्याने सालीचे चामडे आक्रसते आणि मग त्याला काहीही उपाय नसतो.

जोडा मांडीवर घ्या. टाचेवर दोन्ही अंगठे ठेवून ती आत ढकला, जणू ती जोड्याच्या तोंडातून बाहेर यायची आहे. तळ लांबीच्या दिशेने पन्हळीसारखा दुमडत न्या, आडवा मोडू नका. आडव्या घडीची रेघ दाण्यावर कायमची राहते. टाच बाहेर आली की तळाचा मधला भाग हळूहळू येतो. शेवटी टोक राहते. ते बाहेरून ओढायचे नाही, आतून लाकडी दांडीच्या गोल टोकाने, थोडे इकडे थोडे तिकडे असे ढकलायचे.

इशारा: घोट्याच्या काठाला धरून कधीही ओढू नका, आणि नाडीची भोके या टप्प्याआधी पाडू नका. भोकांपासून काठ चिरत जातो. तळ अजिबात वळत नसेल तर जोर वाढवण्याऐवजी पुन्हा भिजवा. तरीही वळला नाही तर तळ ४ मिलिमीटरपेक्षा जाड आहे.

## १०. आकार देणे आणि वाळवणे

आता दुसरा फर्मा घ्या: डाव्यावर शिवलेला जोडा उजव्यावर चढेल. आतली शिवण फर्मा चढवण्याआधी दांडीने चेपून सपाट करा आणि बाहेरची मधली पट्टी बोटांनी सरळ करा. फर्मा घट्ट बसला पाहिजे. नसेल बसत तर टोकाला कागदाचे गोळे भरून आकार द्या.

सावलीत, वारा खेळता असेल अशा जागी दोन-तीन दिवस वाळवा. गच्चीवर उन्हात ठेवलेल्या जोड्याचा दाणा तडकतो. पावसाळ्यात उलट अडचण येते: तिसऱ्या दिवशी आतून पांढरी बुरशी धरते. तेव्हा पंखा सुरू ठेवा, आणि शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतरच काढा.

पूर्ण वाळल्यानंतरच घोट्याच्या काठाला पट्टी शिवा, नाडीची भोके पाडा आणि नाडी ओवा. तेल-मेणाचा पातळ हात सर्वांत शेवटी. एरंडेल वापरले तर अगदी थोडे, आणि आधी कपच्यावर लावून पाहा, कारण रंग बराच गडद होतो. ओलसर चामड्याला तेल लावले तर पाणी आतच अडकते.

## ११. वापरताना

सपाट चामडी तळ रंगमंचाच्या लाकडी फळ्यांवर घसरतो, म्हणून नटाला तालमीतच तो घालून चालायला लावा आणि तळ खडबडीत कागदाने हलका घासून द्या. त्याला रबर चिकटवणे हा नेहमी सुचवला जाणारा उपाय मी करू देत नाही. गोंद दाण्यात मुरतो आणि तळ बदलायची वेळ आली की कड सोलून निघते. डांबरी रस्त्यावर हा जोडा फार टिकत नाही. तळ झिजला की पुढच्या भागाला आणि टाचेला वेगवेगळे चामड्याचे तुकडे बाहेरून शिवावेत. मूळ जोड्यांवर अशी ठिगळे पुष्कळ सापडतात, त्यामुळे दुरुस्त केलेली प्रतिकृतीही मुळाशी जुळते. जुन्या नाशकातल्या चांभारकाकांकडे ठिगळ शिवायला देत असाल तर खिळे मारू नयेत हे आधी सांगा आणि मेण लावलेला दोरा स्वतः नेऊन द्या.